संशोधनाच्या टेबलावर कोण बसते? कोलंबियाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेचा धडा

राज्यशास्त्र घेऊन बी. ए. केलेल्या किंवा सेट-नेटची तयारी करणाऱ्या आपल्या कोणत्याही मुला-मुलीला विचारा, राज्याची व्याख्या कोणाची? उत्तर तयार असते : गार्नरची. लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व हे चार घटक बोटांवर मोजून दाखवले जातात. सार्वभौमत्वाची व्याख्या विचारा, बर्जेसचे नाव येते. मॅकियाव्हेलीला आपल्या काळाचे अपत्य कोणी म्हटले असे विचारा, डनिंगचे नाव येते. पिढ्यान् पिढ्या ही तीन नावे गाईडमधून पाठ होत आली आहेत.

पण हे तिघे एकाच विद्यापीठाच्या एकाच विद्याशाखेतले, हे गाईडमध्ये लिहिलेले नसते. बर्जेस त्या विद्याशाखेचा संस्थापक, डनिंग तिथला प्राध्यापक आणि गार्नर डनिंगचा विद्यार्थी. याच विद्याशाखेच्या एका संशोधन गटाने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला ‘इतिहासातली घोडचूक’ ठरवले आणि पुढची पन्नास वर्षे तेच शास्त्र म्हणून शिकवले गेले, हेही गाईडमध्ये नसते. ही विद्याशाखा म्हणजे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची राज्यशास्त्र विद्याशाखा. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात जिथे शिकले तीच.

बाबासाहेबांमुळे कोलंबियाचे नाव आपल्या घराघरात पोहोचले आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ज्या वास्तूचा अभिमान बाळगायचा तिचा पूर्ण इतिहास माहीत असायला हवा. आमच्या मते त्या इतिहासात आजच्या आंबेडकरी तरुणांसाठी मोठा धडा आहे. विद्यापीठातले संशोधन केंद्र, अभ्यासगट, चर्चासत्र या निरुपद्रवी गोष्टी नाहीत. कायद्याने दिलेला हक्क रस्त्यावरच्या हिंसेने हिरावला जातो आणि ही लूट न्याय्य होती असे सांगण्याचे काम विद्यापीठातले टेबल करते. म्हणून त्या टेबलावर कोण बसते, हा प्रश्न नोकरीपुरता नसतो, तो सत्तेचा असतो.

जोतीरावांनी ज्यांना पुस्तक अर्पण केले

आधी हक्क काय होता ते पाहू. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि सुमारे ४० लाख गुलाम मुक्त झाले. संविधानात तीन दुरुस्त्या झाल्या. तेरावीने गुलामगिरी संपवली (१८६५), चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले (१८६८), पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घातली (१८७०). १८७७ पर्यंतच्या या काळाला ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हणजे पुनर्रचनेचा काळ म्हणतात. कालपर्यंत लिलावात विकली गेलेली माणसे आता मतदान करू लागली, निवडून येऊ लागली. सुमारे दोन हजार कृष्णवर्णीयांनी या काळात लहानमोठी सार्वजनिक पदे भूषवली. १८७० मध्ये मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स हे अमेरिकन सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. दक्षिणेतल्या राज्यांत सर्वांसाठी सरकारी शाळांची व्यवस्था उभी राहिली ती याच काळात.

इकडे महाराष्ट्रात १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिले आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केले. पुण्यात बसलेल्या जोतीरावांना या घटनेचे मोल कळले होते. आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी इथल्या लोकांनी तो कित्ता गिरवावा अशी त्यांची अपेक्षा होती.

पण तिकडे प्रतिक्रांती सुरू झाली होती. कू क्लक्स क्लानसारख्या टोळ्यांनी कृष्णवर्णीय मतदारांचे आणि पुढाऱ्यांचे खून पाडले. १८७७ मध्ये राजकीय तडजोड होऊन दक्षिणेतल्या सरकारांमागचे केंद्रीय लष्कराचे पाठबळ काढून घेतले गेले. १८९० मध्ये मिसिसिपीने नवे राज्य संविधान आणले. त्यात मतदानासाठी कर आणि वाचनाची परीक्षा अशा अटी होत्या. ‘काळ्यांना मत नाही’ असे कुठेही लिहिले नव्हते, पण परिणाम तोच झाला. एकेक करून दक्षिणेतल्या बाकीच्या राज्यांनी हीच वाट धरली. दुरुस्त्या संविधानात जशाच्या तशा राहिल्या आणि हक्क गेले.

आता या लुटीला समर्थन हवे होते. बंदूकवाले ते देऊ शकत नव्हते. ते दिले विद्यापीठाने.

एक टेबल, एक त्रैमासिक, एक ग्रंथमाला

जॉन बर्जेसने १८८० मध्ये कोलंबियात राज्यशास्त्राची शाळा स्थापन केली. तो जर्मनीत शिकून आला होता आणि तिथली ‘सेमिनार’ पद्धत त्याने आणली. प्राध्यापक आणि मोजके विद्यार्थी एका टेबलाभोवती बसणार, मूळ कागदपत्रे वाचणार, एकमेकांचे लेखन तपासणार. १८८६ मध्ये विद्याशाखेने ‘पोलिटिकल सायन्स क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक सुरू केले. १८९१ पासून प्रबंध छापण्यासाठी इतिहास, अर्थशास्त्र आणि सार्वजनिक कायदा या विषयांची ग्रंथमाला सुरू झाली. टेबल, त्रैमासिक, ग्रंथमाला आणि पदवी. आज ज्याला आपण संशोधन केंद्र म्हणतो त्याचे सगळे अवयव इथे तयार झाले. इथून पीएच. डी. झालेले विद्यार्थी देशभरच्या विद्यापीठांत प्राध्यापक झाले आणि त्यांनी तिथे तेच शिकवले.

या टेबलावर विल्यम डनिंगच्या हाताखाली पुनर्रचनेच्या काळावर एकामागून एक ग्रंथ तयार झाले. एकेका विद्यार्थ्याने एकेक राज्य घेतले. गार्नरने मिसिसिपी (१९०१), फ्लेमिंगने अलाबामा (१९०५), रॅम्सडेलने टेक्सास (१९१०), डेव्हिसने फ्लोरिडा (१९१३), हॅमिल्टनने नॉर्थ कॅरोलिना (१९१४), मिल्ड्रेड थॉम्पसन या विदुषीने जॉर्जिया (१९१५). बर्जेस आणि डनिंग यांनी या काळावर स्वतःची पुस्तके लिहिली, ती अनुक्रमे १९०२ आणि १९०७ साली आली. या गटाला पुढे ‘डनिंग संप्रदाय’ असे नाव पडले.

सगळ्यांचा सूर कमी-अधिक फरकाने एक होता. कृष्णवर्णीय लोक राज्य करण्यास अपात्र होते, त्यांच्या हाती मत देणे ही चूक होती, त्या काळात भ्रष्टाचार आणि अनागोंदी माजली, उत्तरेकडून आलेल्या लबाडांनी अडाण्यांचा वापर केला आणि अखेर दक्षिणेतल्या गोऱ्यांनी आपली राज्ये ‘सोडवून’ घेतली. बर्जेसने तर कृष्णवर्णीयांनी कधी कोणती संस्कृतीच निर्माण केली नाही, असे लिहून त्यांच्या मताधिकाराविरुद्ध युक्तिवाद केला.

मित्रांनो, हे सूर ओळखीचे वाटत नाहीत का? ‘पात्रता नसताना खुर्च्या मिळाल्या’, ‘गुणवत्ता बुडाली’, ‘पुढारी यांचा वापर करून घेतात’. आरक्षणाविरुद्ध आज जे ऐकू येते ते शंभर वर्षांपूर्वी कोलंबियाच्या ग्रंथमालेत तळटिपांसह छापून आले होते.

ही माणसे दुष्ट होती का?

इथे एक सोपे उत्तर देऊन पुढे जायचा मोह होतो : हे सगळे वर्णद्वेष्टे होते, विषय संपला. आम्हाला ते उत्तर पुरेसे वाटत नाही.

बर्जेस दक्षिणेतल्या टेनेसीचा, पण यादवी युद्धात तो गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या बाजूने लढला नाही, उत्तरेच्या सैन्यात लढला. डनिंग उत्तरेतल्या न्यू जर्सीचा. तो आपल्या काळातला मान्यवर अभ्यासक होता. अमेरिकेतल्या इतिहासकारांच्या आणि राज्यशास्त्रज्ञांच्या, दोन्ही राष्ट्रीय संघटनांचे अध्यक्षपद त्याला मिळाले. गार्नरचे मिसिसिपीवरचे पुस्तक तर त्या गटातले त्यातल्या त्यात संयत मानले जाते. कागदपत्रे वाचण्यात, संदर्भ देण्यात ही माणसे मेहनती होती.

मग चूक कुठे झाली? चूक टेबलाच्या रचनेत होती. त्या टेबलावर मुक्त झालेल्या गुलामांचा एकही मुलगा, एकही मुलगी नव्हती. त्यामुळे कोणते कागद ‘पुरावा’ मानायचे हे एकाच बाजूने ठरले. मळेवाल्यांची पत्रे आणि गोऱ्यांची वर्तमानपत्रे हा पुरावा झाला. काँग्रेसच्या चौकशी समित्यांपुढे कृष्णवर्णीयांनी दिलेल्या साक्षी, त्यांच्या सभांचे ठराव, त्यांच्या आमदारांची भाषणे हे सगळे उपलब्ध असूनही अविश्वसनीय ठरवले गेले. भ्रष्टाचार तेव्हा न्यूयॉर्कच्या नगरपालिकेतही उघड चालला होता, पण त्यावरून ‘गोरे लोक राज्य करण्यास अपात्र’ असा निष्कर्ष कोणी काढला नाही. प्रश्नच तसा विचारला गेला नव्हता. उत्तरे चुकीची येण्याआधी प्रश्न चुकलेले असतात आणि प्रश्न कोणते विचारायचे हे टेबलावर बसलेले ठरवतात.

म्हणूनच ‘आमच्या विभागात जात कोणी पाहत नाही’ हे वाक्य आम्हाला दिलासा देत नाही. डनिंगच्या टेबलावरही सगळे स्वतःला निःपक्षपाती समजत होते.

टेबलावरचे शास्त्र रस्त्यावर कसे उतरते तेही पाहा. १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट आला. त्यात कू क्लक्स क्लानला तारणहार दाखवले होते आणि पडद्यावर अधिकृत इतिहासाचा दाखला म्हणून वुड्रो विल्सनच्या पुस्तकातले उतारे झळकत होते. हा विल्सन राज्यशास्त्राचा प्राध्यापक होता आणि त्या वेळी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. व्हाइट हाऊसमध्ये या चित्रपटाचा खेळ झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस मृतप्राय झालेल्या क्लानचे पुनरुज्जीवन झाले. प्राध्यापकाने लिहिले, सिनेमाने दाखवले, टोळीने केले.

बाबासाहेब तेव्हा तिथेच होते

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. ते याच राज्यशास्त्र विद्याशाखेचे विद्यार्थी. अर्थशास्त्र आणि इतिहास तिथे याच विद्याशाखेत येत. १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. केले. म्हणजे नॉर्थ कॅरोलिनावरचा ग्रंथ छापून आला, जॉर्जियावरचा ग्रंथ छापून आला, तेव्हा गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलेला एक अस्पृश्य विद्यार्थी त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचत होता.

त्यांनी सेमिनार या साधनाचा उपयोग काय केला? ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. साधन तेच : टेबल, निबंध, चर्चा. पण टेबलावर आता ज्याने जात भोगली तो बसला होता. त्यामुळे प्रश्न बदलला. जात वंशातून आली की व्यवसायातून, या तेव्हाच्या ठरीव वादाला बगल देऊन त्यांनी स्वजातीतच विवाह करण्याच्या बंधनावर बोट ठेवले आणि विधवा, बालविवाह, सती यांचा जातीच्या यंत्रणेशी संबंध लावून दाखवला. एक माणूस टेबलावर आल्याने शास्त्र किती बदलते याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आणि त्याच विद्यापीठाचा एक नियम त्यांना किती महाग पडला तेही आजच्या संशोधक विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. कोलंबियात पीएच. डी. मिळवायची तर प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्याव्या लागत. बाबासाहेब १९१६ मध्ये पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत काय वाट्याला आले ते आपण सारे जाणतो. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकाने छापला आणि पदवी रीतसर मिळाली ती १९२७ मध्ये. बुद्धी कमी पडली नव्हती. कमी पडत होते पैसे आणि वेळ. ज्यांच्या घरात दोन्ही होते त्यांचे ग्रंथ वेळेवर छापून आले आणि त्यांनीच ‘शास्त्र’ घडवले.

दुसरे टेबल

कोलंबियाच्या गटाला उत्तर मिळाले ते त्या टेबलावर जागा मागून नव्हे, दुसरी टेबले मांडून.

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी डिसेंबर १९०९ मध्ये न्यूयॉर्कला इतिहासकारांच्या राष्ट्रीय अधिवेशनात पुनर्रचनेच्या काळाचे लाभ सांगणारा निबंध वाचला. डनिंग तिथे हजर होता आणि त्याने त्याबद्दल बरे उद्गारही काढले. पुढच्या वर्षी निबंध ‘अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू’मध्ये छापून आला. ड्यू बॉईस यांची एक साधी मागणी होती : ‘निग्रो’ या शब्दाचे पहिले इंग्रजी अक्षर मोठे छापा, जसे इतर जनसमूहांच्या नावांचे छापता. संपादकांनी ती नाकारली. आणि डनिंगच्या टेबलावर काहीही बदलले नाही. ग्रंथ येतच राहिले. कौतुक करायचे आणि पुढे जायचे, हा बहिष्काराचाच एक सभ्य प्रकार असतो.

१९३५ मध्ये ड्यू बॉईस यांचा ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ हा प्रचंड ग्रंथ आला. तेव्हा ते कृष्णवर्णीयांच्या अटलांटा विद्यापीठात होते. शेवटच्या प्रकरणात त्यांनी इतिहासाच्या नावाखाली चाललेल्या प्रचाराचा पंचनामा केला आणि कोलंबिया, बर्जेस, डनिंग यांची नावे घेऊन हिशेब मांडला. ‘अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ने तेव्हा त्या ग्रंथाचे परीक्षणसुद्धा छापले नाही.

कार्टर वुडसन यांनी १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था काढली आणि दुसऱ्याच वर्षी स्वतःचे नियतकालिक सुरू केले. आणि वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात राल्फ बंच यांनी १९२८ पासून राज्यशास्त्राचा विभाग उभा केला. राज्यशास्त्रात पीएच. डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन (१९३४). पुढे त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले (१९५०) आणि १९५० च्या दशकात ते राज्यशास्त्रज्ञांच्या त्याच राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले, जिचे अध्यक्षपद कधीकाळी डनिंगकडे होते.

हॉवर्डच्या या टेबलाचा धागा थेट राजगृहापर्यंत येतो. मे १९३५ मध्ये बंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉवर्डमध्ये आर्थिक मंदीत कृष्णवर्णीयांची अवस्था काय, यावर परिषद घेतली. त्या परिषदेतून १९३६ मध्ये ‘नॅशनल निग्रो काँग्रेस’ ही संघटना उभी राहिली. १९४६ मध्ये या संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी अर्ज केला. तो अर्ज आपल्याला पाहायला मिळावा म्हणून बाबासाहेबांनी त्याच वर्षी ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले, कारण भारतातल्या अस्पृश्यांचा प्रश्न त्याच व्यासपीठावर मांडण्याचा विचार ते करत होते. ड्यू बॉईस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर दिले. विद्यापीठातली परिषद, तिच्यातून संघटना, संघटनेचा जागतिक अर्ज आणि त्या अर्जाची मुंबईतून आलेली मागणी. एक विभाग नीट चालला तर त्याचा आवाज कुठवर जातो ते पाहा.

त्याआधी १९४५ मध्ये ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात बाबासाहेबांनी निग्रोंच्या नशिबाचा दाखला दिला होता. युद्धात त्यांची मदत घेतली गेली आणि विजयानंतर त्यांना वाऱ्यावर सोडले गेले, हे अस्पृश्यांनी विसरू नये असे त्यांचे सांगणे होते. म्हणजे ज्या काळाला कोलंबियाचा गट ‘काळ्यांना फाजील हक्क दिल्याची चूक’ म्हणत होता, त्यातून कोलंबियाच्याच या विद्यार्थ्याने अगदी उलटा धडा घेतला. चूक हक्क देण्यात नव्हती, संरक्षणाशिवाय हक्क कागदावर सोडून देण्यात होती. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये राज्यघटनेतच संरक्षणे लिहून घेण्याचा आग्रह त्यांनी का धरला, हे या पार्श्वभूमीवर वाचले तर अधिक स्पष्ट होते.

डनिंग संप्रदायाची पकड पुढे सुटत गेली ती १९५० आणि १९६० च्या दशकांत, नागरी हक्कांच्या चळवळीबरोबर. १९६१ मध्ये जॉन होप फ्रँकलिन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने या काळाचा नवा इतिहास लिहिला. हेच फ्रँकलिन १९३९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या सरकारी अभिलेखागारात गेले तेव्हा गोऱ्या संशोधकांबरोबर बसता येणार नाही म्हणून त्यांच्यासाठी वेगळी खोली तयार करावी लागली होती. १९८८ मध्ये पुनर्रचनेचा आजचा प्रमाण मानला जाणारा इतिहास एरिक फोनर यांनी लिहिला. ते तेव्हा कोलंबियाचेच प्राध्यापक होते. विद्यापीठ सुधारते, हे खरे आहे. पण गार्नरच्या ग्रंथापासून तिथवर ८७ वर्षे गेली आणि तोवर किती पिढ्यांची मते बुडाली?

आता आपल्या विभागांकडे वळू

आपल्या विद्यापीठांत आज बाबासाहेबांच्या नावाची अध्यासने आहेत. अकराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगाने सामाजिक वंचितता आणि समावेशक धोरण यांच्या अभ्यासासाठी देशभरात केंद्रे सुरू केली. ही चळवळीची कमाई आहे आणि ती टिकवण्यासाठी लढलेच पाहिजे. पण पाटी लागली म्हणजे टेबल मिळाले असे नाही. केंद्र योजनेवर चालते, योजना संपली की मुदतवाढीची वाट पाहते. कंत्राटी संशोधकाला पुढच्या वर्षीची खात्री नसते. अशा केंद्रातून दहा वर्षांचा ग्रंथ कसा निघणार? डनिंगच्या विद्यार्थ्यांना निश्चिंती होती, म्हणून एकेका राज्याचा इतिहास लिहून झाला.

२००२ मध्ये राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक लेख लिहून भारतीय सामाजिक शास्त्रे कितपत समतावादी आहेत, असा प्रश्न विचारला. सिद्धान्त मांडणारे वरचे आणि माहिती गोळा करणारे खालचे, अशी ज्ञानातही वर्णव्यवस्था आहे असे त्यांनी दाखवले. आजही आपला विद्यार्थी वस्तीत जाऊन प्रश्नावली भरून आणतो आणि प्रस्तावना दुसरा कोणी लिहितो, हे चित्र अनेक विभागांत दिसते. आपल्या मुलांना विषयही ठरवून दिले जातात : ‘अमुक तालुक्यातील अनुसूचित जातींची स्थिती’. स्वातंत्र्य, राज्यसंस्था, न्याय यांच्या सिद्धान्तावर लिहायचे म्हटले की ‘झेपेल का?’ असा प्रश्न येतो. बाबासाहेबांनी अस्पृश्यांची पाहणी करून पदव्या घेतल्या नाहीत. त्यांनी साम्राज्याच्या तिजोरीचा आणि रुपयाचा अभ्यास केला, हे अशा मार्गदर्शकांना सांगण्याची वेळ आली आहे.

आणि पैशाचा प्रश्न आजही तोच आहे. २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात उन्हात बसावे लागले. त्यांच्याकडे ‘फुकटे’ म्हणून पाहणाऱ्यांनी १९१७ ते १९२७ ही दहा वर्षे आठवावीत. फेलोशिप थांबली की एक ग्रंथ थांबतो, आणि त्या ग्रंथाची रिकामी जागा दुसऱ्याचा ग्रंथ भरतो.

चळवळीतले काही साथी म्हणतील, रस्त्यावर अत्याचार चालू असताना हे टेबलांचे पुराण कशाला? आमचे उत्तर असे की अत्याचाराचा खटला न्यायालयात उभा राहतो तेव्हा, आरक्षणाचे वर्गीकरण होते तेव्हा, अभ्यासक्रमातून प्रकरणे गळतात तेव्हा, प्रत्येक वेळी समोरचा माणूस कोणता तरी ‘अभ्यास’ टेबलावर ठेवतो. त्याला निषेधाच्या पत्रकाने उत्तर देता येत नाही. अभ्यासाला अभ्यासच लागतो, आणि तो आदल्या रात्री तयार होत नाही.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे. आपल्या विभागात पाच प्रश्न विचारा. संशोधनाचा विषय कोण ठरवतो? कोणते कागद पुरावा मानले जातात? निधी किती वर्षांचा आहे? छापतो कोण? आणि कागदपत्रे शेवटी कोणाकडे राहतात? शेवटचा प्रश्न सर्वात दुर्लक्षित आहे. नॉर्थ कॅरोलिनावर लिहिणाऱ्या हॅमिल्टनने १९३० मध्ये तिथल्या विद्यापीठात दक्षिणेच्या इतिहासाचा मोठा दस्तऐवज संग्रह उभा केला आणि घरोघर फिरून जुन्या घराण्यांचे कागद त्यात आणले. आपल्याकडे समता सैनिक दलाची ओळखपत्रे, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या सभांची हस्तपत्रके, जलशांच्या वह्या, नामांतर लढ्यातली तुरुंगातली पत्रे आजही पेट्यांत पडून आहेत आणि दर पावसाळ्यात त्यातली काही वाळवीच्या तोंडी जातात. ती गोळा करायला कुलगुरूंची परवानगी लागत नाही.

विद्यापीठातल्या टेबलावरचा आपला हक्क सोडायचा नाही आणि स्वतःचे टेबल मांडायला उशीर करायचा नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या आहेत. बाबासाहेबांनी तेच केले. त्यांनी कोलंबियात निबंध वाचला, राजगृह ग्रंथांसाठी बांधले, पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालये उभी केली. आणि जुलै १९५६ मध्ये, प्रकृती पूर्ण ढासळलेली असताना, महापरिनिर्वाणाला अवघे पाच महिने उरले असताना, त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. त्यांच्या पश्चात ते काही महिन्यांतच बंद पडले.

गार्नरची व्याख्या परीक्षेपुरती जरूर लिहा, गुण मिळवा. पण त्या बंद पडलेल्या विद्यालयाची जागा अजून रिकामी आहे, हे विसरू नका. ती भरायला प्रत्येक तालुक्यात एक खोली, एक कपाट आणि दर रविवारी टेबलाभोवती बसणारी दहा मुले-मुली एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

जय भीम!